माळावरचे झाड आणि भिंतीतले झाड

मराठीत 'बोन्साय' हा शब्द झाडासाठी कमी आणि माणसासाठी अधिक वापरला जातो. खुरटलेली प्रतिभा, शिस्तीने छाटलेले मूल, संसारात कोंडलेली बाई, यांपैकी कशालाही बोन्साय म्हटले की लेखकाचे काम भागते. ही प्रतिमा वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे, हे एक. पण आमचा मुख्य आक्षेप असा, की ती झाड न पाहता केलेली आहे.

शिरूर-दौंडच्या माळावर गेल्यास हे कळते. घोड आणि भीमा यांच्या काठाने उसाची हिरवी पट्टी आहे. ती ओलांडली की मुरूम, तरवड आणि कुसळी गवत. पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे. या माळावरची बोर किंवा हिवर दरवर्षी फुटते आणि दरवर्षी शेळ्या तिचे शेंडे खातात. वर्षानुवर्षे असे झाले की झाड गुडघ्याएवढेच राहते, पण खोड मनगटाएवढे जाड होते, साल भेगाळते, मुळे मुरमाला पंजासारखी धरून बसतात. इथे कोणी तार बांधलेली नसते, कात्री चालवलेली नसते. खुजेपण लादणाऱ्या क्रूर माळ्याची आपल्या साहित्यातली कल्पना या शेळ्यांपुढे फिकी पडते. शिवाय ते झाड केविलवाणे मुळीच दिसत नाही. बोरीला तर त्या उंचीवरही बोरे लागतात.

नवशिक्या हौशी माणसाची नजर नेमकी अशाच झाडावर जाते. रानात निसर्गानेच घडवलेले झाड उचलून कुंडीत आणण्याला जपानी लोक 'यामादोरी' म्हणतात आणि त्याला मोठा मान देतात. आपल्याकडे ही आता चार जणांची हौस राहिलेली नाही. २०१८ साली पुण्यात प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने भरलेल्या प्रदर्शनात तीन हजारांहून अधिक बोन्साय मांडले होते. तेव्हा या नजरेचा विचार करणे भाग आहे. आमचे मत स्पष्ट आहे: माळावरचे झाड उपटू नये.

कारण केवळ भावनेचे नाही. बोर, हिवर, बाभूळ यांचे सोटमूळ पाण्याच्या शोधात खोल जाते. कुदळीने वीतभर मुळासह काढलेले झाड आठवडाभर हिरवे दिसते आणि मग वाळते. पन्नास वर्षांचा दुष्काळ सोसलेले झाड एका रविवारी संपते. राखीव वनातून झाड उपटणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. दौंडच्या दक्षिणेला, बारामती तालुक्यातील सुप्याजवळ १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झाले; तिथून तर काडीही उचलता येत नाही. पण कायदा नसता तरी आम्ही हेच म्हटले असते. ज्या झाडाखाली तित्तिर बसतो, ते उघडे पडलेले रान नसून कोणाचे तरी घर आहे.

मग नवशिक्याने काय करावे? भिंतीकडे पाहावे. जुने वाडे, विहिरींची बांधणी, पाण्याच्या टाक्या, शाळांच्या गच्च्या, जिथे चुना सुटला तिथे पाखरांच्या विष्ठेतून पिंपळ, उंबर, नांदरूक रुजते. हे झाड तिथे राहिले तर भिंत जाते आणि भिंत राखायची तर झाड जाते. त्यातही पिंपळ तोडायला गडी तयार होत नाही. मुंजाची भीती असते, उंबरात तर साक्षात दत्त. म्हणून कोणी मुळाशी ॲसिड ओततो, कोणी खोडाला भोक पाडून हिंग भरतो. श्रद्धेने जपलेल्या झाडाला इतके चोरटे मरण द्यावे लागणे आम्हांला फार विचित्र वाटते. मालकाला विचारून ते झाड कुंडीत आणले, तर भिंत, झाड आणि श्रद्धा तिन्ही वाचतात. (संरक्षित स्मारकांच्या भिंतींना मात्र हात लावू नये. ते पुरातत्त्व खात्याचे काम.)

वड-पिंपळाच्या कुळातली झाडे सोशिक असतात. मृगाचे दोन पाऊस झाले की छिन्नीने सांध्यातला चुना मोकळा करावा; जाड मूळ तुटले तरी चालते, बारीक मुळे जपावीत. पाने बहुतेक काढून टाकावीत. पांढरा चीक गळेल, त्याने घाबरू नये. शेतातली काळी माती कुंडीत घालू नये, ती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात तडकते. विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि थोडे पानांचे खत पुरते. पहिले वर्ष सावली आणि पाणी, बाकी काही नाही. तार नाही, आकार नाही. पुस्तकांतले वेळापत्रक बहुधा देवदार आणि मेपलचे असते, दौंडचा चाळिशीपार मे महिना त्यात नसतो.

ज्यांना भिंतीतले झाडही मिळत नाही त्यांनी शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीसारख्या गावात चिंचेखाली पडलेली एखादी शेंग मागून आणावी आणि चिंचोका पेरावा. चिंचेची बारीक पाने लहान कुंडीतही झाडाच्या मापाला शोभतात. खोड अंगठ्याएवढे व्हायला मात्र काही वर्षे जातील.