नोंद बदलली, तपासणी राहिली

इंग्लंडमध्ये पंचविशीच्या आसपास स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचे बोलावणे सरकारी आरोग्यसेवेकडून येते. जन्माने मुलगी असलेल्या, पण दवाखान्याच्या दफ्तरी आता ‘पुरुष’ अशी नोंद झालेल्या तरुणाला ते आपोआप येत नाही. यंत्रणा नोंद पाहते, गर्भाशय शाबूत आहे की नाही हे तिच्या गावी नसते. स्वतः विचारले तर तपासणी होते. पण दाढी राखलेल्या चेहऱ्याने या तपासणीसाठी दवाखान्याच्या बाकावर बसायचे आणि नाव पुकारताच साऱ्यांच्या नजरा झेलायच्या, एवढे बळ त्या वयात कितीजणांकडे असते?

लिंगबदलाच्या उपचारांवरून तिथे रण माजले आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक या मुलांच्या लिंगओळख केंद्राकडे 2011-12 मध्ये 250 पेक्षाही कमी मुले पाठवली गेली होती. 2021-22 मध्ये ही संख्या पाच हजारांवर गेली. त्यांत जन्माने मुली असलेल्याच जास्त. एप्रिल 2024 मध्ये या उपचारांचा आढावा घेणारा डॉ. हिलरी कॅस यांचा अहवाल आला आणि भांडण आणखी पेटले. आम्हाला त्यातली एक नोंद सर्वांत गंभीर वाटते. या केंद्रात येऊन गेलेल्या सुमारे नऊ हजारजणांचे पुढे काय झाले, हे तपासायचे ठरले होते. त्यांची पुढची माहिती ज्यांच्याकडे होती, त्या प्रौढांच्या सातपैकी सहा केंद्रांनी तेव्हा सहकार्यच नाकारले. उपचार हवेत म्हणणारे आणि नकोत म्हणणारे, दोघांनाही लागणारे उत्तर तेव्हा तिथेच अडले.

या उपचारांत घेतल्या जाणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाने बहुधा पाळी थांबते, म्हणून गर्भ राहणार नाही असे अनेकजण धरून चालतात. ते खरे नाही, गर्भनिरोधक लागतेच. योनीमार्ग कोरडा आणि नाजूक होतो, तपासणी दुखते, नमुना अपुरा पडू शकतो. रक्त दाट होऊ शकते. छाती घट्ट बांधल्याने पाठ-बरगड्या दुखतात. टॅव्हिस्टॉकमध्ये जाऊन आलेल्या केइरा बेलसारखे काहीजण उपचार थांबवतात. खालावलेला आवाज मात्र पूर्ववत होत नाही. त्यांच्यासाठीही दवाखान्याचे दार उघडेच हवे.

आपल्याकडे असे बोलावणे कोणत्याच स्त्रीला येत नाही. तिशीनंतरची तपासणी बरीचशी आशाताईंच्या अर्जावर चालते, आणि तिथेही गर्भाशयमुखाचे प्रश्न स्त्रियांच्या रकान्यात असतात. आरोग्य खात्याने त्या अर्जात कोणता अवयव आहे हे विचारणारी एक ओळ वाढवावी, आणि ते आडपडद्याविना, एकांतात कसे विचारायचे याचे प्रशिक्षण आशाताईंना द्यावे.