गरजेआधी दिलेले रक्त

रुग्णासाठी जितक्या पिशव्या वापरल्या तितके दाते नातेवाइकांनी आणून उभे करावेत, ही अपेक्षा भारतातील अनेक रुग्णालयांत आजही बाळगली जाते. तिला बदली रक्तदान म्हणतात आणि तिच्या बाजूने मांडला जाणारा पूर्वपक्ष दुर्बळ नाही. रक्त कारखान्यात तयार होत नाही. रक्तपेढीतून गेलेली पिशवी भरून आली नाही तर पुढच्या रुग्णाला नकार द्यावा लागतो. म्हणून ज्याच्या घरच्या माणसासाठी रक्त खर्ची पडले त्यानेच ते भरून द्यावे, यात न्याय आहे, असे हा पक्ष म्हणतो.

यातील वस्तुस्थिती मान्य करूनही निष्कर्ष मान्य करता येत नाही, कारण रक्ताच्या सुरक्षिततेचा पहिला आधार प्रयोगशाळा नसून दात्याने दिलेले खरे उत्तर हा आहे. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस व मलेरिया यांसाठी तपासणी होते हे खरे. परंतु संसर्ग झाल्यानंतर तो चाचणीत दिसू लागेपर्यंत काही काळ जातो, ज्याला विंडो पिरियड म्हणतात, आणि त्या काळातील धोका केवळ दात्याच्या प्रामाणिक निवेदनानेच टळू शकतो. ज्याचा भाऊ शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे, तो माणूस गेल्या महिन्यातील काविळीविषयी किंवा स्वतःच्या जोखमीच्या वर्तनाविषयी मोकळेपणाने सांगेल, ही आशा व्यर्थ आहे. त्याला माघार घेण्याची मुभाच उरलेली नसते. परगावाहून मुंबईत उपचारासाठी आलेल्या कुटुंबाला तर दाता आणायचा कोठून हाच प्रश्न असतो आणि याच अडचणीतून पैसे घेऊन नातेवाईक म्हणून उभा राहणारा व्यावसायिक दाता निर्माण होतो. सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर दिलेल्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून असे विकत घेतलेले रक्तदान बंद झाले आणि २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने बदली रक्तदानही टप्प्याटप्प्याने संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले. बदलीचा आग्रह धरणे म्हणजे बंद केलेल्या व्यवहाराला मागचे दार उघडून देणे होय.

दुसरा दोष वेळेचा आहे. घेतलेले रक्त जसेच्या तसे लगेच दुसऱ्याला चढवले जात नाही. दात्याची प्रश्नावली, वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहिल्यावर, गोठणे थांबवणारे द्रावण असलेल्या पिशवीत पाच-दहा मिनिटांत ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त जमा होते; मग नमुन्यांची तपासणी होते आणि यंत्रात वेगाने फिरवून तांबड्या पेशी, प्लाझ्मा म्हणजे रक्तातील द्रवभाग आणि रक्तस्राव थांबवण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट्स वेगळ्या केल्या जातात. प्रसूतीनंतर रक्तस्राव होत असलेल्या स्त्रीला हा सारा क्रम पूर्ण होईपर्यंत थांबता येत नाही. तिला वाचवणारे रक्त तिची गरज कोणालाही ठाऊक नसताना, तिला न ओळखणाऱ्या माणसाने दिलेले असते.

यावर, असे अनोळखी दाते पुरेसे मिळत नाहीत, असे उत्तर येते आणि त्यामागे अशक्तपणाची भीती असते. प्रौढाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. दिलेल्या रक्तातील द्रवभाग एक-दोन दिवसांत आणि तांबड्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात. लोह भरून यायला मात्र अधिक काळ लागतो, म्हणूनच दोन रक्तदानांत पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी १२० दिवसांचे अंतर ठरवले आहे. ज्यांचे हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमपेक्षा किंवा वजन ४५ किलोपेक्षा कमी आहे त्यांच्याकडून रक्त घेतले जात नाही. अनेक स्त्रियांना या अटीमुळे परत जावे लागते. अशा वेळी तो अपमान न मानता लोहाच्या कमतरतेवर उपचार घ्यावेत, कारण ती कमतरता बहुतेकदा रक्तदानाने आलेली नसून आधीपासूनची असते. उलट बाजूने, रक्तदानामुळे हृदयविकार टळतो, वजन उतरते असे सांगत फिरणाऱ्या हितचिंतकांचेही खंडन केले पाहिजे. असे लाभ ठामपणे सिद्ध झालेले नाहीत आणि खोट्या लाभासाठी आलेला दाता तो लाभ न दिसल्यास पुन्हा येत नाही. रक्तदानाचा खरा लाभ रुग्णाला होतो आणि तेवढे कारण पुरेसे आहे.

महाराष्ट्रात दात्यांच्या इच्छेपेक्षा मोठी अडचण आहे ती वेळापत्रकाची. नेत्यांचे वाढदिवस, जयंत्या आणि पुण्यतिथ्या यांनिमित्त एकाच दिवशी प्रचंड शिबिरे भरतात, तर उन्हाळ्याच्या सुटीत आणि दिवाळीत महाविद्यालये बंद, माणसे गावी, अशी स्थिती होऊन पेढ्या रित्या पडतात. तांबड्या पेशी द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स मात्र पाचच दिवस. एका दिवशी गोळा केलेला ढीग दोन महिन्यांनंतरच्या टंचाईला उपयोगी पडत नाही. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते आणि त्याच्या गरजेला कोणाच्या जयंतीचा मुहूर्त नसतो. म्हणून मंडळांनी आणि पक्षांनी शिबिरातील गर्दीचा आकडा मिरवण्याऐवजी त्याच दात्यांना पेढीशी बोलून वर्षभरात वाटून बोलवावे. एप्रिल-मे महिन्यांतील लहानसे शिबिर वाढदिवसाच्या महाशिबिरापेक्षा अधिक मोलाचे आहे.

गरजेआधीच रक्त द्यावे, या नियमाला एक अपवाद करावा लागतो. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवलेल्या ‘बॉम्बे’ या दुर्मिळ रक्तगटाच्या व्यक्तीला त्याच गटाच्या पेशी लागतात, अगदी ओ गटाच्याही चालत नाहीत. त्यामुळे अशा दात्याने शिबिरात रक्त देऊन ते मुदतबाह्य होण्याचा धोका पत्करण्यापेक्षा आपले नाव पेढीच्या यादीत नोंदवून, बोलावणे येईल त्या दिवशी तत्परतेने हजर राहणे अधिक योग्य ठरते.