वकिली आणि विद्याव्यासंग

व्यापारी घरातील मुलगा किंवा मुलगी इतिहास अथवा संस्कृत शिकण्याची इच्छा बोलून दाखवते, तेव्हा वडीलधारी मंडळी विचारात पडतात. ‘त्यावर पोट भरेल का?’ हा त्यांचा प्रश्न अनाठायी नाही; पेढी चालवणाऱ्याला भाकरीचे मोल ठाऊक असते. मात्र पोटासाठी एखादा व्यवसाय पत्करला की साहित्य-इतिहासाचे दार कायमचे बंद होते, ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे.

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा जन्म १८८० साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. आरंभी त्यांनी शाळेत अध्यापन केले, पुढे मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली आणि कायद्याचे प्राध्यापक म्हणूनही काम पाहिले. या साऱ्या धबडग्यात ‘कादंबरी’, ‘हर्षचरित’, ‘उत्तररामचरित’ या ग्रंथांच्या सटीप आवृत्त्या त्यांनी विद्यार्थ्यांसाठी सिद्ध केल्या. शाळा सुटली, पण त्यांच्यातील शिक्षक सुटला नाही.

‘व्यवहारमयूख’ हा नीलकंठ भट्टांचा ग्रंथ. ऋण, ठेव, भागीदारी, वाटणी यांविषयीचे तंटे कसे सोडवावेत, याचे विवेचन त्यात आहे. मुंबई व गुजरात भागांतील वारसाहक्काच्या दाव्यांत न्यायालये त्याचा आधार घेत. वकिलाला उपयोगी पडणाऱ्या या ग्रंथाची आवृत्ती तयार करताना, प्रस्तावनेदाखल धर्मशास्त्राचा थोडक्यात इतिहास द्यावा, असे काण्यांच्या मनात आले. ती प्रस्तावना वाढत वाढत पाच खंडांची झाली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने पहिला खंड १९३० साली प्रकाशित केला, तेव्हा काणे पन्नाशीत होते. पाचवा खंड १९६२ साली पूर्ण झाला, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. दरम्यान मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि राज्यसभेचे सदस्यत्वही त्यांनी सांभाळले. १९६३ साली त्यांना ‘भारतरत्न’ने गौरविण्यात आले.

आपण हिशेबी माणसे. म्हणून थोडा हिशेब मांडू. ग्रंथाची पाने सहा हजारांहून अधिक, वर्षे बत्तीस. दिवसाकाठी सरासरी अर्ध्या पानाच्या आसपास. आकडा किती लहान! परंतु त्या अर्ध्या पानामागे अनेक पोथ्यांचे वाचन होते आणि खंड न पाडता चालवलेला नेम होता. चक्रवाढीचे सामर्थ्य व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

वकिलीने त्यांना आणखी एक देणगी दिली, असे वाटते. वादी आणि प्रतिवादी दोघांचे म्हणणे ऐकावे आणि आधारावाचून विधान करू नये, ही न्यायालयातील शिस्त त्यांच्या लेखनात पानोपानी आढळते. व्यवसायाने अभ्यासाचा वेळ घेतला खरा, पण अभ्यासाला धारही दिली.

निवृत्तीनंतर वाचू, असे म्हणणाऱ्या आपणा सर्वांसाठी हे चरित्र बोलके आहे. काण्यांनी त्या दिवसाची वाट पाहिली असती, तर पहिला खंडही कदाचित निघाला नसता. मुलांनी व्यवसाय निवडताना घराचा विचार अवश्य करावा. घरानेही एक करावे: खातेवही मिटल्यावर मुलाने इतिहासाचे पुस्तक उघडले, तर त्याला ‘वेळेचा अपव्यय’ म्हणू नये. जमल्यास शेजारी बसून आपणही एखादे पान वाचावे.