छायाचित्रात नत्र मोजता येत नाही

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपले हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. शंभर वर्षांत जमलेले सुमारे सव्वाआठ लाख नमुने दोन-तीन वर्षांत इतर संस्थांकडे सोपवायचे, असे ठरले. अशा संग्रहांवर गदा आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो: सगळ्या नमुन्यांची उत्तम छायाचित्रे संगणकावर असताना वाळक्या पानांचे गठ्ठे जपायचे कशाला? प्रश्न रास्त वाटतो खरा, पण उत्तर स्पष्ट आहे. हे गठ्ठे जपायलाच हवेत, आणि त्याचे एक भक्कम कारण नत्र हे आहे.

हर्बेरियमचा कागद जवळून पाहावा. त्यावर दाबून वाळवलेली फांदी असते. कोपऱ्यात चिठ्ठी असते आणि तिच्यावर वनस्पतीचे नाव, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. बहुधा एक छोटे कागदी पाकीटही चिकटवलेले असते, गळून पडलेले तुकडे ठेवायला. त्यातला दोन-तीन मिलिग्रॅमचा तुकडा तपासणीला पुरतो. गोंद लागलेला भाग मात्र टाळावा लागतो, कारण हाडा-कातड्यापासून केलेल्या जुन्या सरसात स्वतःचेच नत्र असते. तो तुकडा कथिलाच्या चिमुकल्या डबीत बंद करून जाळतात आणि निघालेला वायू यंत्रात मोजतात. पानात नत्र किती होते ते कळते, आणि त्या नत्रात जड अणू किती होते तेही कळते.

हे जड अणूच खरी हकिकत सांगतात. हवेतल्या नत्राच्या दर हजार अणूंमध्ये जेमतेम चार जड असतात, बाकीचे हलके. जमिनीत नत्र मुबलक असले की सूक्ष्मजीव त्याची सतत उलथापालथ करतात. त्यातले बरेच वायुरूपाने उडून किंवा पाण्याबरोबर वाहून जाते. जाताना हलके अणू आधी निसटतात, जड मागे राहतात आणि पानात उतरतात. नत्राची चणचण असली की ही गळती आटते. मुळांशी राहणाऱ्या बुरशीवर अनेक झाडे तेव्हा अधिक विसंबतात, आणि ही बुरशी जड अणू स्वतःकडे ठेवून हलके झाडाला देते. त्यामुळे एकाच जंगलातले, एकाच काळातले पान आणि अशा बुरशीची अळंबी दोन्ही हाताशी असतील, तर जमिनीच्या नत्राचा हिशेब दोन्ही बाजूंनी तपासता येतो. लंडनच्या क्यू उद्यानात वाळवलेल्या बुरशींचे साडेबारा लाखांवर नमुने आहेत, त्यांचे मोल इथे कळते.

या तपासणीतून काय हाती लागले? कॅन्सस राज्यातील गवताळ प्रदेशातून १८७६ ते २००८ या काळात गोळा झालेले २४ जातींचे ५४५ नमुने शास्त्रज्ञांनी तपासले. पानांतले नत्र घटत आल्याचे दिसले, आणि जड अणूंचे प्रमाणही. म्हणजे तिथल्या वनस्पतींना मिळणारे नत्रच कमी होत गेले. स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहातील गोल्डनरॉड या रानफुलाचे १८४२ ते २०१४ दरम्यानचे नमुने तपासले, तेव्हा परागातली प्रथिने सुमारे एकतृतीयांशाने घटलेली आढळली. नत्र हा प्रथिनांचा गाभा आहे आणि हे फूल हिवाळ्याआधीच्या दिवसांत मधमाश्यांचा मोठा आधार. टेक्सासमध्ये हवेतला कर्बवायू कमी-जास्त ठेवून हीच झाडे वाढवली, तेव्हाही कर्बवायूबरोबर प्रथिने घटताना दिसली.

याउलट ब्रिटनच्या डोंगरांवरील मॉस जातीच्या एका शेवाळात एकोणिसाव्या शतकातील नमुन्यांच्या तुलनेत नत्र वाढलेले आढळले. त्याला मुळे नसतात, पाऊस आणि हवा जे आणून देतील त्यावरच त्याचे पोषण. म्हणून कारखाने, वाहने आणि शेतीतून हवेत गेलेले नत्र त्याच्या अंगी भिनत गेले.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे आहेत. १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवणारा मोठा कारखाना सुरू झाला आणि माणसाने निसर्गाच्या नत्रचक्रात प्रचंड भर घालायला सुरुवात केली. ही भर शेतांवर, नद्यांत आणि शहरांच्या आसपास साचली. दुसरीकडे, उद्योगयुगापूर्वी दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग असलेला हवेतला कर्बवायू आज ४२० च्या वर गेला आहे. त्याच्या जोरावर रान-कुरणातल्या वनस्पती भराभर वाढतात, पण त्या वाढीला पुरेल इतके नत्र त्यांना मिळत नाही. एकीकडे नत्राचा पूर, दुसरीकडे दुष्काळ. फक्त आजची मोजमापे घेऊन बसलो असतो, तर हा कल इतक्या मागपर्यंत दिसलाच नसता. १८७६ साली कॅन्ससच्या माळावर नत्र मोजणारे यंत्र नव्हते, पण तिथले गवत कुणीतरी तारीख लिहून जपून ठेवले होते.

छायाचित्राच्या मर्यादा इथे उघड होतात. छायाचित्रावरून पानाचा आकार कळेल, फुलोऱ्याची तारीख कळेल. दुरून अभ्यास करणाऱ्याला त्याची मोठी मदत होते आणि ते काम झालेच पाहिजे. पण छायाचित्र जाळून त्यातले अणू मोजता येत नाहीत. उद्याचे शास्त्र या पानांना कोणता प्रश्न विचारील, हेही आज सांगता येत नाही. १८७६ साली कॅन्ससमध्ये गवत गोळा करणाऱ्यांना जड अणूंचा पत्ताही नव्हता.

महाराष्ट्राला हे परके नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्राचा संग्रह आहे, तर आघारकर संशोधन संस्थेत अजरेकरांच्या नावाचा बुरशींचा संग्रह. आपल्या देशात वर्षाला साडेतीनशे लाख टनांहून अधिक युरिया वापरला जातो. त्यातले नत्र किती पिकाला लागते, किती हवेत उडते आणि ते शेजारच्या माळावर, घाटावर, देवराईत काय करते, हे आपल्याच जुन्या नमुन्यांना विचारता येईल. कुसळी आणि मारवेल गवताचे कागद केवळ अभ्यासकांच्या कामाचे नाहीत. चाऱ्यात सत्त्व उरले आहे का, हा गुराख्याचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही तिथेच शोधावे लागेल.

त्यासाठी तीन गोष्टी व्हायला हव्यात. संग्रह सांभाळणाऱ्यांची पदे कायम भरलेली असावीत, कारण वाळवी आणि दमट पावसाळा अर्थसंकल्पाची वाट पाहत नाहीत. नमुन्यातला तुकडा कुणाला, किती आणि कोणत्या अटीवर द्यायचा, याचे स्पष्ट नियम असावेत. सरसकट नकारामुळे संशोधन अडते आणि सढळ परवानगीने नमुनाच संपतो. आणि गोळा करणे थांबता कामा नये. दुर्मीळ वनस्पती टिपण्याची हौस समजण्यासारखी आहे, पण काळाचा कल कळतो तो तेच सामान्य गवत, तेच झुडूप, तीच अळंबी त्याच ठिकाणाहून पुन्हा पुन्हा जमवल्याने. मधली वीस वर्षे रिकामी गेली, तर ती मागे जाऊन भरता येत नाहीत.

शेवटची गोष्ट आपल्या महाविद्यालयांना फारशा खर्चाविना करता येईल. प्रात्यक्षिकासाठी वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून हर्बेरियमचे कागद करून घेण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. परीक्षा संपली की ते अनेकदा रद्दीत जातात. प्रत्येक महाविद्यालयाने जवळची एक टेकडी आणि तिथल्या दहा सर्रास आढळणाऱ्या वनस्पती ठरवाव्यात. दरवर्षी त्याच महिन्यात त्यांचे नमुने घ्यावेत, अचूक ठिकाण आणि तारीख लिहावी आणि त्यातला एक संच पुण्या-मुंबईच्या संग्रहाकडे पाठवावा. विद्यापीठांनी येत्या शैक्षणिक वर्षापासून हा अभ्यासक्रमाचा भाग करावा.