एकच मोठं लॉक की पुष्कळ लहान?

मिरचीच्या हंगामात सिल्लोडच्या बाजारात बरेच व्यवहार फोनवर होतात. ॲप उघडायला वेळ लागला की लोक रेंजच्या नावाने बोटं मोडतात, पण दोष दर वेळी टॉवरचा नसतो. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल आहे. ॲप सुरू होताना त्याचे अनेक थ्रेड एकदम मेमरी मागतात आणि कोणत्या पत्त्याला मेमरीचं कोणतं पान दिलं, याची नोंद कर्नल पेज टेबलात करतो. दोघांनी एकाच वेळी खाडाखोड करू नये म्हणून लॉक लागतं.

ते केवढं असावं, हा खरा वाद. एका गटाचा फेरफार चालू असताना तलाठ्याने गावचं सगळं दप्तर बंद ठेवावं, की तेवढाच सातबारा अडवावा?

२००६च्या सुरुवातीला आलेल्या २.६.१५ आवृत्तीत लिनक्सने टेबलाच्या पानापानाला स्वतंत्र लॉक दिलं. ४ किलोबाइटच्या हिशेबाने एका पानात ५१२ नोंदी, म्हणजे २ मेगाबाइटचा टापू. पण त्याच्या वर प्रत्येक प्रोसेसचं, म्हणजे चालू ॲपचं, एक मोठं लॉक उरलंच. एक थ्रेड मेमरीचा नवा भाग आखत असला की बाकीचे पेज फॉल्टपाशी, म्हणजे नोंद नसलेल्या पत्त्याला पान मिळवताना, ताटकळतात. मग फोनला आठ कोअर असून उपयोग काय? जून २०२३च्या ६.४ आवृत्तीत मेमरीच्या प्रत्येक भागाला, म्हणजे व्हीएमएला, आपलं लॉक मिळालं. हे काम गूगलच्या सुरेन बाघदासार्यान यांचं.

मोठ्या लॉकची बाजू मात्र पोकळ नाही. एकच लॉक असलं की कोण कुणाआधी, हे डोक्यात मावतं. जुलै २०२३मध्येच याचं प्रत्यंतर आलं. फोर्क होताना, म्हणजे एका प्रोसेसची दुसरी प्रत निघताना, मूळ प्रोसेसचे इतर थ्रेड लहान लॉक घेऊन पानं बदलत राहिले आणि मेमरीतला मजकूर बिघडला. ही सोय तात्पुरती बंद करावी लागली. मग फोर्कच्या वेळी मूळ प्रोसेसचे सगळे व्हीएमए अडवायचे ठरले. थोडा वेग गेला, पण मजकूर शाबूत राहिला. बाजारातल्या माणसाला ॲप सेकंदभर उशिरा उघडलेलं चालेल; आकडा चुकलेला चालणार नाही.

तरीही आमचा कौल लहान लॉकांना आहे, कारण इथे मोठं लॉक मोडीत काढलेलं नाही. व्हीएमएचं लॉक मिळालं नाही तर फॉल्ट निमूट जुन्या वाटेने जातो, आणि भागांची आखणी बदलायची तर आजही मोठं लॉकच घ्यावं लागतं. मोठं लॉक पुरतं हटवा म्हणणाऱ्यांनी आधी फोर्कचं हे प्रकरण नीट वाचावं.

फायदा कुणाच्या पदरात पडतो, हे वेगळंच. स्वस्त फोन विकत घेताना ज्या मालिकेचा कर्नल येतो, सहसा तोच शेवटपर्यंत राहतो. जिथे मेमरी कमी आणि ताटकळणं जास्त, त्याच फोनवर ही सुधारणा सर्वांत उशिरा येते. कंपन्यांना जाब विचारायचा तर तो कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलचा नको, कर्नलची आवृत्ती किती वर्षं पुढे नेणार याचा विचारावा.