सरकारी वकील कुणाचा?

ओरोसच्या कोर्टात पुकारा होतो, ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक तमुक.’ ज्याचं घर जाळलं, ज्याच्या बहिणीला ओढलं, त्याचं नाव त्यात नाही. तो नुसता साक्षीदार. त्याच्या बाजूने काळा कोट घालून उभा राहतो तो सरकारी वकील. हा माणूस कुणाचा?

मंत्र्याला वाटतं, माझा. पक्षाला वाटतं, आमचा. आणि आपली माणसं म्हणतात, ‘आपला तर नाहीच!’ इथेच आपण फसतो, दोस्तांनो.

बाबासाहेबांच्या घटनेत राज्याचा एकच कायदा अधिकारी आहे, अनुच्छेद १६५ चा महाधिवक्ता. तोही राज्यपालाच्या, म्हणजे मंत्रिमंडळाच्या मर्जीवर. जिल्ह्याचा सरकारी वकील येतो फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातून. त्यात होतं की कलेक्टरने सत्र न्यायाधीशाशी विचारविनिमय करून नावं काढावीत. १९८१ साली, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा जन्मला त्याच साली, महाराष्ट्र सरकारने न्यायाधीशाला खोडलं आणि तिथे स्वतःची मान्यता घुसवली. १ जुलै २०२४ ला नवी संहिता आली. तिच्या कलम १८ मध्ये विचारविनिमयाची अट आहे. ती पाळली जाते का, हे आता विचारलंच पाहिजे.

उत्तर प्रदेश सरकारने साऱ्या जिल्ह्यांचे सरकारी वकील एका फटक्यात काढले, तेव्हा १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने ठणकावलं की हे पद सार्वजनिक आहे, इथे मनमानी चालणार नाही. सरकार म्हणजे राज्य नव्हे. सरकारं येतात नि जातात. राज्य म्हणजे ‘आम्ही भारताचे लोक’. त्या लोकांत महारवाड्यातली म्हातारीही आली. वकिलाला अधिकार मिळतो तो तिच्याकडून.

नाहीतर काय होतं? खैरलांजी, २००६. भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी धरलं, पण ॲट्रॉसिटी ॲक्ट लागू धरला नाही. खून झाला, जात मात्र सापडली नाही! खर्डा, २०१४. नितीन आगे गेला. साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. दोष एकट्या वकिलाचा नाही. तपास कच्चा, गाव दबावाखाली. पण साक्षीदाराला धीर देणारा, जातीचा पुरावा कोर्टापुढे रेटणारा माणूस तिथे तोच असतो.

आणि आपण? मोर्चाला हजार, तारखेला कुणी नाही.

१९९५ च्या ॲट्रॉसिटी नियमांतला चौथा नियम वाचा. पीडिताने मागणी केली तर कलेक्टर नामांकित वकील नेमू शकतो, फी सरकारची. विशेष सरकारी वकिलांच्या कामाचा आढावा दर जानेवारी-जुलैत घ्यायचा आहे. कलम १५ अ ने जामिनाच्या वेळीही पीडिताला बोलायचा हक्क दिलाय. कलेक्टर कचेरी ओरोसलाच आहे. अर्ज टाका, आढाव्याची नक्कल मागा. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला बसतंय. अपिलासाठी मुंबईची वारी टळली.

मुंबईच्या चाळीत बसून गावाकडची बातमी वाचणाऱ्या पोरांनो, पुढच्या तारखेला गाडी पकडा. कोर्टात मागच्या बाकावर दहा जण नुसते बसा. सरकारी वकिलाने मागे वळून बघितलं की त्याला दिसू दे, आपण कुणाचे वकील आहोत ते.

जय भीम!