पाहुण्याच्या रिंगणात

गेल्या रविवारी सकाळी सकाळी मामेभावाचा फोन. हा आमगाव तालुक्यातला, नोकरीसाठी पुण्यात येऊन चार महिने झालेत. तिसरा इंटरव्ह्यू हुकला होता. शेवटच्या दोघांत आला, पण निवड दुसऱ्याची झाली. त्या दुसऱ्याची तिथे आधीपासून ओळख होती म्हणे. ‘दादा, इथं आपलं कोनी नाही. समोरचा पयलेच जिंकून बसला रायते.’

मी त्याला म्हटलं, ‘तुझ्या बाबांचा कबड्डीचा फंडा विसरलास काय?’

दिवाळी झाली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. रात्री झाडीपट्टीचं नाटक आणि दिवसा कुठे कुठे कबड्डी. मामाजी आपली टीम घेऊन दुसऱ्या गावांत जायचे. तिथे मैदान त्यांचं, माती त्यांची, शिट्टीसुद्धा त्यांचीच! निघताना मामाजी पोरांना एकच वाक्य सांगायचे, ‘दोन गुनानं जिंकशीन तं हारशीन. दहानं जिंकशीन तं जिंकशीन.’

मंडळी, बॉक्सिंगचं अख्खं शास्त्र या वाक्यात आहे. खोटं वाटतं? मग हे आकडे बघा. 2005 मध्ये ब्रिटिश अभ्यासकांनी युरोपियन चॅम्पियनशिपच्या जवळजवळ शतकभरातल्या लढतींचा हिशेब मांडला. दोघं तुल्यबळ असतील आणि निकाल नॉकआउटने लागला, तर घरचा बॉक्सर जिंकण्याची शक्यता 57 टक्के. रेफ्रीने लढत थांबवली, तर 66 टक्के. आणि गुणांवर गेली, तर थेट 74 टक्के! म्हणजे निकालात माणसाच्या मताला जितकी जास्त जागा, तितकं घर जड.

याचा अर्थ पंच विकले जातात असा नाही. पंचालाही कान असतात, इतकंच. घरच्या पोराचा ठोसा समोरच्याच्या ग्लोव्ह्जवर बसला तरी स्टेडियम गरजतं. पाहुण्याचा थेट जबड्यावर बसला तरी शांतता. बारीक फरकाच्या राउंडमध्ये ही आरोळी पेन्सिलीपर्यंत पोहोचते. कधी तर हद्दच होते. 1988 च्या सोल ऑलिम्पिक फायनलमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने 86 ठोसे लगावले, कोरियाच्या पार्क सी-हुनने 32. निकाल 3-2 असा पार्कच्या बाजूने!

आता आपल्याकडे या. 5 ऑगस्ट 2017, मुंबई, वरळीचा एनएससीआय डोम. भिवानीचा विजेंदर सिंग विरुद्ध चीनचा झुल्पिकार मैमैतियाली. दोघंही प्रोफेशनल रिंगमध्ये तोवर एकदाही न हरलेले. दहा राउंड झाले आणि विजेंदर जिंकला, 96-93, 95-94, 95-94. तीनपैकी दोन पंचांकडे फरक फक्त एका गुणाचा. निकाल चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण झुल्पिकार मामाजींच्या टीममध्ये असता, तर त्याला नक्की बोलणी बसली असती. परक्या गावात एका गुणाच्या गोष्टी करतोस?

पुढचा सीन पणजीचा. 19 मार्च 2021, मांडवीतल्या ‘मॅजेस्टिक प्राइड’ या कॅसिनो जहाजाचं छत. विजेंदरचा रेकॉर्ड बारापैकी बारा. समोर रशियाचा आर्तिश लोप्सान, वय 26, आणि नावावर मोजून सहा लढती. कागदावर मॅचच नाही! पण कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी बघा. विजेंदर पस्तिशीचा, आधीची लढत नोव्हेंबर 2019 मधली, आणि लोप्सान त्याच्यापेक्षा चांगलाच उंच. पाचव्या राउंडमध्ये रेफ्रीने लढत थांबवली आणि लोप्सान जिंकला. पंचांची बेरीज कुणी विचारलीच नाही.

आणि तिसरा सीन आमच्या गोंदियाहून रेल्वेने काही तासांवरच्या रायपूरचा. 17 ऑगस्ट 2022. आता ‘अजिंक्य’ होता घानाचा एलियासू सुले. आठ लढती, आठ विजय, आठही नॉकआउट. हरून आलेल्या विजेंदरने त्याला दुसऱ्याच राउंडमध्ये आडवा केला.

तेव्हा बॉस, ‘अजिंक्य’ हे लेबल म्हणजे कालपर्यंतचा हिशेब. तो बघून घाबरायचं नसतं, प्रश्न विचारायचे असतात. हे विजय कुणाविरुद्ध? शेवटचा कधीचा? आणि माझ्यासारख्या माणसाशी हा कधी खेळलाय का?

हे प्रश्न सगळ्यात भारी विचारले मोहम्मद अलीने. 30 ऑक्टोबर 1974, किन्शासा. जॉर्ज फोरमन 25 वर्षांचा, 40 लढतींत 40 विजय, त्यातले 37 नॉकआउट. अली 32 चा. बहुतेक जाणकारांनी अलीला आधीच मोडीत काढलं होतं. पण फोरमनला लांबलचक लढतींची सवय नाही, हे अलीने हेरलं. दोरांना टेकून त्याने मार झेलला, फोरमनला दमवलं आणि आठव्या राउंडमध्ये पाडलं.

आणि घर? दोघंही अमेरिकन, दोघंही पाहुणे. पण फोरमन उतरला तो अल्सेशियन कुत्रा घेऊन. लोकांना बेल्जियन राजवटीतल्या पोलिसांची कुत्री आठवली. अली रस्त्यांवर फिरला, पोरांशी बोलला, हसला. लढतीच्या रात्री स्टेडियम त्याच्याच नावाने ओरडत होतं. घरचं मैदान त्याला मिळालं नव्हतं, त्याने ते कमावलं!

हे सगळं भावाला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, ‘दादा, पन मी ठोसा कोनाले मारू?’

मुद्दा बरोबर होता. मग आम्ही त्याचे तिन्ही इंटरव्ह्यू उलगडले. तिन्हीकडे तो ‘मी मेहनती आहे, लवकर शिकतो’ असं सांगून आला होता. हे गुणांवरचं खेळणं. असं सगळेच सांगतात, मग पंच आवाज ओळखीचा त्याला झुकतं माप देतो. यावेळी त्याने स्वतः बनवलेलं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालवून दाखवायचं ठरलं. धानाच्या राईस मिलचा हिशेब ठेवणारं, मामाजींच्या ओळखीच्या मिलमध्ये रोज वापरात असलेलं. आणि हो, आदल्या दिवशी त्या ऑफिसखालच्या टपरीवर चहा प्यायचा. चार चेहरे ओळखीचे झालेले बरे.

शुक्रवारी इंटरव्ह्यू आहे. काल रात्री त्याचा एसेमेस आला, ‘दहानं.’